कापलेला पेला

पेल्याच्या कापलेल्या कडेला दुधाचा एक थेंब सुकून चिकटला होता, नखानं खरवडला तरी निघत नव्हता, आणि सुलेखा नळ तसाच वाहता ठेवून तो खरवडत उभी होती... एवढासा गुलाबी प्लास्टिकचा पेला, एका बाजूनं अर्धगोल कापलेला. उपचारकेंद्रातल्या सोनिया मॅडमनी स्वतः कात्रीनं कापून दिला होता. कापलेली बाजू नाकाकडे धरायची – म्हणजे पेला कलता केला तरी काठ आकाशच्या नाकाला अडत नाही, त्याला मान मागं टाकावी लागत नाही, हनुवटी जरा खालीच राहते. हनुवटी खाली, तर घोट पोटात. मान वर, तर घोट श्वासनळीत. इतकं सोपं. कुणालाही दोन मिनिटांत सांगता येईल असं; आणि सहा वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला तर झोपेतसुद्धा सांगता यावं.

नाही सांगता आलं. एकदाच सांगायचं होतं, एका माणसाला, चार माणसांसमोर, आणि तोंड उघडलं नाही... जाऊ दे. थेंब निघाला एकदाचा. तिनं नळ बंद केला.

आकाश त्याच्या खुर्चीत बसला होता, पायाखाली पाट, पाठीला उशी, गळ्यात लाळेरं. अडीच वर्षांचा, पण बघणाऱ्याला दीडाचा वाटायचा. सातव्या महिन्यात जन्मलेला. गिळायचे स्नायू मागं राहिले, असं डॉक्टर म्हणाले होते. पातळ काही प्यायला की त्यातलं थोडं फुप्फुसाकडे जायचं – आणि खरी गोम पुढं होती, त्याला ठसका लागायचा नाही. दुसऱ्या मुलाला लागतो, डोळ्यांत पाणी येतं, आई धावते. याला काहीच व्हायचं नाही. पाणी चुकीच्या वाटेनं जायचं आणि हा हसत राहायचा. म्हणून त्याचं सगळं घट्ट करून द्यायचं, दूध, पाणी, डाळीचं वरण, डब्यातली पावडर ढवळून मधासारखं घट्ट. आणि चमचा जिभेच्या मधोमध टेकवायचा, थांबायचं, ओठ मिटू द्यायचे, मग सरळ बाहेर. वरच्या दातांवर पुसायचा नाही. गिळलं का बघायचं, पुन्हा एकदा गिळू द्यायचं, आवाज ऐकायचा. आवाज ओला, घशात पाणी असल्यासारखा वाटला तर थांबायचं.

सुलेखा सगळं बरोबर करत होती. चार महिने तिच्या हातून एक चूक झाली नव्हती, आणि चार महिने आकाश तिच्या हातचं खात नव्हता. दोन चमचे, तीन चमचे, मग ओठ गच्च. मान दाराकडे. दाराकडे बघून तो "आज्या" म्हणायचा, त्याला "आजी" अजून येत नव्हतं, आणि दारात कुणी नसायचं.

कारण खुर्ची ओढल्याचा आवाज आला की रत्नमालाबाई – तिच्या सासूबाई – पिंपातलं पाणी संपलं का बघायला, नाहीतर वाळत घातलेले कपडे चाचपायला, गच्चीवर निघून जायच्या. वाटी घासायला पडल्याचा आवाज झाला की परत यायच्या. हे त्यांनी कुणाला सांगून सुरू केलं नव्हतं. त्याआधी, मे महिन्यापर्यंत, त्याला भरवायच्या त्याच. बावीस वर्षं चिकलठाण्याच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरलेले हात, त्यांना घाई माहीतच नव्हती. चमचा टेकवून त्या नुसत्या बसायच्या. "गेला का? गेला. आता दुसरा येतोय बघ, लई गुणाचा हाय." वाटी रिकामी व्हायची आणि सुलेखाला – आता कबूल करायला काय – जरा रागच यायचा. पुस्तकं मी वाचली, तक्ते मी लावले, आणि खातो यांच्या हातचं.

मग घ्या आता. मिळाला ना पोरगा सगळा माझ्या एकटीच्या हातात.

"सुलेखा, वटी घासलीस का गं?" जिन्यावरून आवाज.

"हो आई. या खाली. निघायचंय ना."

"म्या कामून येऊ तिथं? तूच जा की."

"मॅडमनी तुम्हाला बोलावलंय."

काल फोनवर सोनिया मॅडम आधी वजनाचं बोलल्या होत्या. चार महिन्यांत वजन काट्यावर हललंच नव्हतं. महिनाअखेर हललं नाही तर पोटात नळी बसवावी लागेल, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. त्यात वाईट काही नाही, पुष्कळ मुलांना बसवतात, पण सुलेखाताई, याला गिळता येतंय हो, हा नुसता खात नाहीये. मग त्यांनी विचारलं होतं – घरात आधी कुणाच्या हातून खायचा? आणि सुलेखानं, फोन कानाला तसाच दाबून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सांगितलं होतं, आजीच्या. मग त्या आता का नाही भरवत? यावर ती म्हणाली होती, त्यांची तब्येत जरा... आणि पुढं काही म्हणालीच नव्हती. मॅडमनी पुढचं आपलं आपण समजून घेतलं असावं. लोक किती पटकन समजून घेतात. आपण वाक्य अर्धं सोडलं की पुढचं ते स्वतः जोडतात, आणि आपण खोटं बोललो असं म्हणायला जागा राहत नाही. ही कला मी कधी शिकले?

रिक्षा जालना रोडला लागली. रत्नमालाबाईंनी आकाशला मांडीवर घेतलं होतं, पदरानं त्याची लाळ टिपत होत्या. जेवणाची वेळ नसली की त्या त्याला घ्यायच्या, नाचवायच्या, सगळं करायच्या. आज इस्त्रीचं पांढरं पातळ नेसल्या होत्या, विहारात जाताना नेसायच्या ते. दवाखान्यात बोलावलं म्हणजे कुणीतरी जाब विचारणार, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली असणार, आणि जाबाला जाताना माणसानं नीट कपड्यात जावं...

त्या दिवशीही त्यांनी हेच पातळ नेसलं होतं. बुद्धपौर्णिमा. हर्सूलला पारूबाईंच्या – तिच्या नवऱ्याच्या, इंद्रजीतच्या आत्याच्या – नव्या घराचा कार्यक्रम. भंतेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं, मग खीर. पंचवीस-तीस माणसं, कोऱ्या रंगाचा वास, दोन पंखे. सुलेखाला त्या खोलीतली प्रत्येक नजर आकाशच्या लाळेऱ्यावर आहे असं वाटत होतं. कुणी काही म्हणत नव्हतं. म्हणत नव्हतं हेच तिला टोचत होतं – अडीच वर्षांचा होईल आता आणि लाळ गळते, सुलेखा सांभाळत नाही का नीट, शिकलेली आहे म्हणे. खीर तिनं घरूनच घट्ट करून डब्यात आणली होती. ती रत्नमालाबाईंनी मांडीवर घेऊन भरवली, थांबत थांबत, बरोबर. मग त्याला तहान लागली. मग सुलेखानं पिशवीतून पावडरचा डबा काढला, आणि हा गुलाबी पेला.

"अगं बाई, हे काय? फुटक्या पेल्यात पाजतीस व्हय लेकराला?" पारूबाई म्हणाल्या होत्या.

"फुटका नाही आत्या. त्याच्यासाठी वेगळा आहे."

एवढंच म्हणाली ती. आणि पारूबाईंचा चेहरा उतरला. रागानं नाही, काहीतरी आठवल्यासारखा. त्यांनी आकाशच्या गालावरून हात फिरवला आणि हळूच, बाकीच्यांना ऐकू जाईल न जाईल अशा बेतानं बोलल्या, "माझा बाप हाटेलाच्या बाहेर खिळ्याला लटकवलेला कप स्वतःच्या हातानं इसळून त्यात च्या प्यायचा, बाई. कान तुटलेला कप. म्या डोळ्यानं बघितलंय. माझ्या नव्या घरात, आजच्या दिवशी, आपल्याच लेकराला येगळा पेला नको. सगळ्यांचा तोच त्याचा." आणि ट्रेमधला स्टीलचा ग्लास त्यांनी उचलून सुलेखाच्या हातात दिला. पाण्यानं काठोकाठ.

एक वाक्य पुरलं असतं. आत्या, हा इलाज आहे, पातळ पाणी याच्या छातीत जातं. पारूबाई काही अडाणी नव्हत्या. त्यांनी उलट स्वतः पावडर ढवळून दिली असती, सगळ्यांना गोळा करून दाखवलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणजे पारूबाईंमुळे नाही. त्यांच्या बापाच्या कपामुळे तर नाहीच नाही... तो कप मी चार महिने पुढं करते आहे, मनातल्या मनात, स्वतःला, जशी काही मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या अपमानापोटीच ग्लास घेतला. थापा. पेला, डबा, ढवळणं, तीस माणसांसमोर पाणी घट्ट होईपर्यंत घड्याळ लावून दोन मिनिटं थांबणं – या सगळ्यातून सुटायचं होतं. माझा मुलगा पाच मिनिटं इतर मुलांसारखा दिसायला हवा होता. पारूबाईंनी नुसतं निमित्त दिलं आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

रत्नमालाबाई तेव्हा पत्रावळी गोळा करायला उठल्या होत्या. सुलेखानं ग्लास आकाशच्या तोंडाला लावला, त्याची मान मागं गेली, घोट, घोट, घोट, आणि तो हसला. काही झालं नाही. ठसका नाही, काही नाही. "बघ, कसा प्यायला," पारूबाई म्हणाल्या, सगळे हसले, आणि सुलेखाही हसली. मग त्यानं "आज्या" हाक मारली आणि तो आवाज ओला होता. तिला ऐकू आला. नक्की ऐकू आला. ती मनाशी म्हणाली, पंख्यामुळे वाटत असेल.

"अम्मा, पोरगं सांभाळा, पुढं खड्डा है," रिक्षावाला म्हणाला. रत्नमालाबाईंनी आकाशला छातीशी धरलं. सुलेखानं नुसताच हात पुढं केला आणि मागं घेतला.

त्या कार्यक्रमानंतर तिसऱ्या दिवशी ताप. चौथ्या दिवशी श्वास लागला, ओठ निळे, रिक्षा, दवाखाना, ऑक्सिजन. न्यूमोनिया. आठ दिवस. पहिल्याच संध्याकाळी डॉक्टरांनी व्हरांड्यात विचारलं होतं – मागच्या दोन-तीन दिवसांत काही पातळ गेलं का पोटात? बाहेर कुठं काही खाल्लं? आणि ती म्हणाली, "खीर." खोटं नव्हतं. खाल्लीच होती. डॉक्टर म्हणाले, मग तेच, कुणी भरवली? आणि ती काही म्हणायच्या आत रत्नमालाबाईच पुढं झाल्या, "म्या भरवली साहेब." त्यांचा चेहरा... घट्ट केलेली खीर, चुकून पातळ कशी झाली, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. शिकलेली सून उभी आहे, डॉक्टर उभे आहेत, म्हणजे असेल, झालं असेल आपल्या हातून. इंद्रजीत आईकडे वळला. इतका ओरडला की वॉर्डमधली नर्स बाहेर आली. "कितीदा सांगायचं तुला? तुझ्या लाडानं मारशील त्याला! हात लावू नको आता!" आपल्या आईनं बावीस वर्षं पाळ्या करून आपल्याला शिकवलं हे विसरून ओरडला – भ्यायला होता, दुसरं काय. आणि मी भिंतीला टेकून उभी होते. दोन हातांवर. आकाशच्या अंगावरचं काढलेलं झबलं हातात होतं, त्याची घडी घालत होते.

त्यानंतर रोज ठरवलं. आज सांगू, आकाश घरी आला की सांगू, इंद्रजीतची दिवसपाळी लागली की सांगू. दिवस गेले तसं सांगायची गोष्टच मोठी होत गेली. पहिल्या दिवशी नुसतं पाणी होतं. आता पाणी अधिक चार महिने.

छावणीच्या अलीकडे रिक्षा थांबली. उपचारकेंद्राची खोली पहिल्या मजल्यावर. भिंतीवर मोठा आरसा, खाली मुलांच्या खुर्च्या, कपाटावर वाट्या-चमचे उपडे घातलेले. सोनिया मॅडम तिशीच्या आतल्याच असतील, पण आवाज असा की मूल काय, मुलाचा बापही मुकाट बसे. त्यांनी आकाशला आरशासमोर गालिच्यावर ठोकळे दिले आणि रत्नमालाबाईंना म्हणाल्या, "आजी, तुम्ही आलात, लई बरं केलंत. आज मी त्याला काहीच करणार नाही. आज तुमची दोघींची पाळी."

"म्या बसते की इथं. तिलाच दाखवा."

"बघून कळत नाही हो. घास भरवणं हे खाणाऱ्याच्या बाजूनं कळायला लागतं. माझ्याकडं सगळ्यांना करावं लागतं हे, बापांनासुद्धा. तुम्ही सुलेखाताईंना भरवायचं. त्या बोलणार नाहीत, हात लावणार नाहीत, नुसतं तोंड उघडणार. त्या आता आकाश."

सुलेखाला वाटलं, काहीतरी सांगून टाळावं. उपास आहे. घसा बसलाय. पण मॅडमनी तिला खुर्चीत बसवलंसुद्धा, गळ्याला टॉवेल बांधला, आणि रत्नमालाबाई समोर स्टुलावर टेकल्या. हातात वाटी. त्यांनी चार महिन्यांत पहिल्यांदा हा चमचा हातात धरला होता आणि तो वाटीच्या काठाला टिकटिक वाजत होता. चमचा आला. जिभेवर टेकला. थांबला... सुलेखाला काय वाटायला हवं होतं कोण जाणे, तिला वाटलं ते हे की कुणीतरी तिला घाई करत नाहीये. त्या तिच्या नरड्याकडे बघत होत्या, सगळा जीव डोळ्यांत आणून, आणि ओठ त्यांचेच हलत होते – गेला का? गेला. माझं लग्न झाल्यापासून आम्ही दोघी एका ताटात कितीदा जेवलो असू, पण माझ्या घशाची अशी काळजी कुणी... आणि ही बाई, आणि मी. दुसऱ्या घासाला तिनं तोंड उघडलं.

"बघा, किती छान," सोनिया मॅडम म्हणाल्या. "आता उलटं करून बघू. म्हणजे चूक केल्यावर काय होतं ते कळेल. आजी, हा साधा ग्लास घ्या. साधं पाणी. ताई, मान मागं टाका, आणि डोळे मिटा. आजी, घोट घोट पाजत राहा, मी थांबा म्हणेपर्यंत."

ग्लास स्टीलचाच होता. सुलेखानं डोळे मिटले. मान मागं गेली तशी टाळूवरून थंड पाणी सरळ घशात उतरलं, तिनं गिळलं, पुढचा घोट त्याच्या मागोमाग, गिळायच्या आत तिसरा, हात लावायचा नाही, बोलायचं नाही, ग्लास कुणाच्या हातात आहे दिसत नाही आणि तो थांबत नाही, तो थांबेल का हे आपल्या हातात नाही – आणि कुठंतरी आत दारच चुकलं. तिला जोरात ठसका लागला. पाणी नाकातून आलं. श्वास आतच जाईना. तिला लागला, तिला खोकता येत होतं. आणि त्याला तेव्हा, त्या पंख्याखाली, हे सगळं झालं होतं आणि खोकतासुद्धा आलं नव्हतं...

"वर बघ! वर बघ गं!" रत्नमालाबाई तिच्या पाठीवर थापा मारत होत्या. ग्लास खाली पडून घरंगळत गेला. आकाश ठोकळे सोडून रडायला लागला.

"काही नाही, काही नाही, असंच होतं," मॅडम म्हणाल्या. "खोकू द्या त्यांना."

पण रत्नमालाबाई मागं सरकत भिंतीला टेकल्या होत्या. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले होते. "म्या म्हणलं व्हतं," त्या म्हणाल्या. "म्या म्हणलं व्हतं मला नका आणू. ह्या हातानं घात केलाय एकदा. आता हिला बी... मॅडम, नळी घाला त्याला. माझ्या हातानं नाय जमणार आता. नळी बरी. नळीला भेव नाय." त्या रडत नव्हत्या. पिशवी शोधत होत्या, जायला.

"आई..." आवाजच निघेना, नुसती घरघर. सुलेखानं टॉवेलमध्ये खोकून घेतलं, नाक पुसलं, पुन्हा तोंड उघडलं. बरं दिसेल असं काही जुळवायला वेळ नव्हता. "आई, पाणी मी पाजलं होतं."

"कवाचं?"

"पारूआत्यांकडं. तुम्ही पत्रावळी उचलत होतात तेव्हा. ग्लासानं पाजलं, साधं पाणी, पावडर न घालता. त्यानंच झालं. खिरीनं काही नाही झालं. खीर घट्ट होती, तुम्ही बरोबर भरवली होती."

सोनिया मॅडम आकाशला कडेवर घेऊन खिडकीशी गेल्या. आरशात सुलेखाला स्वतःचं तोंड दिसत होतं, लाल, ओलं, गळ्यात टॉवेल. ती आता शिव्या यायची वाट बघू लागली. खरं तर तिला त्या हव्या होत्या. रत्नमालाबाई कधी शिव्या देत नसत, पण आज द्याव्यात, सगळ्या, मोठ्यानं, वॉर्डमधली नर्स बाहेर येईल एवढ्या मोठ्यानं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "म्या भरवू शकत व्हते."

सुलेखानं होकारार्थी मान हलवली.

"इतके दिस. त्यो हाका मारायचा अन् म्या गच्चीवर कानात बोटं घालून बसायचे. म्हंजी म्या खाली येऊ शकत व्हते की गं."

एवढंच. अपमानाचं नाही, इंद्रजीतच्या ओरडण्याचं नाही, तुझ्यापायी मी, असंही नाही. त्या बेसिनशी गेल्या, साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, पदराला पुसले. मग मॅडमकडे हात पसरून म्हणाल्या, "द्या त्याला हिकडं. वटी भरा."

आकाश खायला लागला. लगेच नाही, आधी त्यानं चमच्याकडे बघितलं, मग आजीकडे, मग रडवेला हुंदका देत ओठ उघडले. थांबत थांबत. गेला का? गेला. मॅडम बाजूला उकिडव्या बसून त्याच्या गळ्याकडे बघत होत्या, अधूनमधून "शाब्बास" म्हणत होत्या, ते कुणाला हे कळत नव्हतं. सुलेखा खुर्चीतच होती. ही खुर्ची लहान मुलाची आहे, आपण उठायला हवं, हे तिच्या लक्षात आलं पण ती उठली नाही. छातीवरचं ओझं उतरतं म्हणतात, तसं काही उतरलं नव्हतं. उलट जे इतके दिवस मुठीत मावेल एवढं करून लपवलं होतं ते आता खोलीभर पसरलं होतं, आणि त्यात गच्ची होती, कानातली बोटं होती, रोजच्या तीन वाट्या होत्या, वजनाचा न हललेला काटा होता. यातलं काही मी धरलंच नव्हतं. मी आपली पाण्याच्या ग्लासाची लाज धरून बसले होते – तीसुद्धा सोयीची, उचलायला हलकी.

"इंद्रजीतला कोण सांगनार?" रत्नमालाबाईंनी विचारलं. मागं वळून नाही, आकाशच्या ओठांकडे बघतच.

सुलेखानं गळ्यातला टॉवेल सोडला. तोंडात पाणी अजून होतं असं तिला उगाच वाटत होतं.

"म्या नाय सांगनार," त्या म्हणाल्या. "तुझं तू बघ." मग आकाशला, अगदी वेगळ्या आवाजात, "गेला का राजा?"

परतीच्या रिक्षात आकाश आजीच्या खांद्यावर झोपला, पोट भरून झोपावं तसा, तोंड उघडं टाकून. रत्नमालाबाई बाहेर बघत होत्या. क्रांती चौकात सिग्नलला बराच वेळ लागला. सुलेखा मनात वाक्य जुळवत होती, संध्याकाळी सहाला इंद्रजीत डबा ठेवून पायातले बूट काढेल तेव्हाचं वाक्य. ऐका ना, त्या दिवशी खूप उकडत होतं, माणसं होती, आत्या असं बोलल्या की... नको. आत्या काढल्या. त्या दिवशी माणसं इतकी होती, सगळे बघत होते, मला वाटलं एक घोट... माणसंही काढली. एक घोटही काढला, कारण एक नव्हता. मला तुम्हाला खूप दिवसांपासून सांगायचं होतं... हेही खोटंच, सांगायचं होतं तर सांगितलं असतं. एकेक शब्द काढत गेलं की वाक्य बारकं होत होतं, आणि बारकं झालं तसं तोंडात धरवेना.

पाणी मी पाजलं. इथं थांबता आलं असतं. ही चूक झाली, चूक माणसाकडून होते, इंद्रजीत ओरडेल, मग शांत होईल, मग कदाचित म्हणेल, तू तरी काय करणार होतीस. त्याच्या त्या समजूतदार आवाजाची तिला आताच, रिक्षात बसल्या बसल्या, शिसारी आली. कारण वाक्य तिथं संपत नव्हतं. पाणी मी पाजलं, आणि तुम्ही आईंवर ओरडत होता तेव्हा मी तिथंच उभी होते, मला माहीत होतं. पुन्हा म्हणून पाहिलं. मला माहीत होतं. याच्यापुढं लावायला काही सापडेना. ना उकाडा, ना भीती, ना पोराचा जीव. ती शोधायचीही थांबली, आणि सिग्नल सुटला तेव्हा तिला कळलं की सकाळपासून, किंबहुना मे महिन्यापासून, आपण फक्त एवढंच बघत होतो की कुणी आपल्याकडे बघतंय का. आता रत्नमालाबाई बघत नव्हत्या. त्यांनी एकदा तरी वळून बघावं असं तिला फार वाटत होतं, रागानं का होईना; आणि त्यांनी बघितलंच तर आपण मान खाली घालायची नाही, एवढं तिनं ठरवलं. जमेल की नाही ते तिला माहीत नव्हतं.